गहू धुवायचे दिवस



मागच्या महिन्यात इथे एका भगिनींनी इंदूरच्या वाड्यांतल्या वाळवणांवर फार छान लिहिलं होतं. पापड, कुरडया, सांडगे सगळं आलं, पण गहू राहिला. तो बहुतेक सगळ्यांच्याच लेखनातून राहतो, कारण त्यात चव नाही, नुसती मेहनत आहे. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे शास्त्र सांगायचा अधिकार माझा नाही. पण या गव्हाने मला आयुष्यात दोनदा धडा शिकवला, आणि दुसरा धडा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तो आज सांगतो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे पणजोबा साताऱ्याकडून होळकर सरकारच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. रामबागेजवळ आमचं दोन मजली घर, वर मोठी गच्ची. एप्रिल लागला की आजोबा छावणीच्या मंडीत जायचे आणि वर्षाचा गहू आणायचे. कठिया वेगळा, पिसी वेगळी. कठिया म्हणजे आपला माळव्याचा कडक गहू, बाफल्यांना आणि लाडवाच्या रव्याला. पिसी रोजच्या पोळ्यांना. शरबती आणि लोकवन आमच्या घरात पुष्कळ नंतर आले. मण जाऊन क्विंटल आला तरी आजी शेवटपर्यंत मणातच बोलायची.

पोती आली की घरातल्या बायकांचा पंधरवडा त्यातच जायचा. आधी चाळणं, म्हणजे माती आणि बारीक काकरा खाली. मग सुपात पाखडणं, भुसा आणि पोचट दाणे बाहेर. मग निवडणं. खडे, किडके दाणे आणि टोकाशी काळे पडलेले दाणे वेगळे निघायचे. ते काळे दाणे आजी गाईलासुद्धा घालू देत नसे. आणि मग धुणं.

पितळी घंगाळात पाणी, त्यात गहू. वर तरंगेल ते हाताने काढून टाकायचं. दोन्ही तळव्यांत गहू चोळायचा, रोवळीत उपसायचा, पुन्हा दुसऱ्या पाण्यात. पहिलं पाणी चहासारखं निघायचं. मी एकदा विचारलं, "आजी, निवडून झालाय की, मग धुवायचा कशाला?" ती म्हणाली, "अरे, खळ्यावर बैल फिरतात. ते काय मध्येच उठून बाहेर जातात होय?" तेवढंच उत्तर. खळं शेणाने सारवलेलं, त्यावर बैलांची पात, त्यांचं शेणमूत तिथेच आणि त्यातूनच आपला दाणा. जंतू हा शब्द तिने वापरला नाही, पण मुद्दा बरोबर तोच होता.

आता खरी गोष्ट पुढे. धुणं तासाभराचं काम, वाळवणं दिवसाचं. सकाळी नवाच्या आत गहू गच्चीवर पडलाच पाहिजे. जुन्या लुगड्यांवर, बोटाच्या पेराएवढा सुद्धा थर नको, त्याहून पातळ. तासातासाने पायाने सरी ओढायच्या. हे काम आम्हा मुलांचं, तळपाय भाजायचे. संध्याकाळी आजी एक दाणा दाताखाली धरायची. 'कट्' असा आवाज आला तर झाला. दाणा दबला तर उद्या आणखी एक ऊन. वाळलेला गहू तापलेला असताना कोठीत भरायचा नाही. रात्रभर घरात चटईवर पसरून निववायचा, नाहीतर कोठीला आतून घाम येतो. मग थोड्याला एरंडेलाचा हात, बाकीच्यात सुकवलेला कडुनिंब, आणि झाकण मातीने लिंपून बंद.

आणि एक नियम होता, जो मी नंतर विसरलो. रोहिण्या लागल्या की गव्हाला पाणी लावायचं नाही. पंचवीस मेच्या सुमाराला रोहिणी नक्षत्र लागतं. त्यानंतर कितीही मळकट दाणा दिसला तरी कोरड्या फडक्याने पुसायचा, धुवायचा नाही. का, ते आजीने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

1972 मध्ये मी बँकेत लागलो. राष्ट्रीयीकरणाला तीन वर्षं झाली होती, खेड्यापाड्यांत शाखा उघडत होत्या. माझी पहिलीच बदली इंदूरच्या पश्चिमेला, झाबुआकडच्या एका छोट्या शाखेत झाली. 1974 च्या पावसाळ्याअखेरीस तिथे बातम्या येऊ लागल्या. पलीकडे राजस्थानातल्या बांसवाड्यात आणि गुजरातच्या पंचमहालात आदिवासी गावांमध्ये कावीळ पसरली आहे, पोटात पाणी होतंय, माणसं मरताहेत. त्याच घरांतली कुत्रीही मरताहेत. बाजारात लोक म्हणायचे, कुणाची तरी नजर. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी शोधून काढलं. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, मका ओलाच घरात भरला, त्यावर बुरशी आली, आणि खायला दुसरं काही नव्हतं म्हणून तोच मका खाल्ला गेला. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. तपासलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले.

मका होता, गहू नव्हे, हे खरं. पण त्यातली एक गोष्ट सगळ्या धान्यांना लागू आहे आणि ती मला फार उशिरा कळली. धान्यावर दोन तऱ्हेची संकटं असतात. एक जिवाणू, म्हणजे शेणातले, पक्ष्यांच्या विष्ठेतले, मातीतले. ते तव्यावरच्या आचेने मरतात. दुसरं बुरशीने सोडलेलं विष. ते भाकरी भाजली तरी बरंचसं तसंच राहतं. पहिल्याला आगीचा धाक आहे, दुसऱ्याला नाही. दुसरं मुळात होऊच द्यायचं नाही एवढाच उपाय, आणि तो उपाय म्हणजे दाणा कोरडा ठेवणं.

पहिला धडा मला पुढच्या दहा वर्षांत मिळाला. तेव्हा मी माळव्यातल्याच एका मोठ्या मंडीच्या गावी अधिकारी होतो. धान्य गहाण ठेवून कर्ज देणं हा आमचा मोठा धंदा. 1954 मध्ये गोरवाला समितीचा ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल आला, त्यातून पुढे सरकारी वखारी उभ्या राहिल्या आणि वखारीच्या पावतीवर बँका पैसे देऊ लागल्या. पण पुष्कळ व्यापाऱ्यांचा माल त्यांच्याच गोदामात असायचा, किल्ली बँकेकडे. महिन्याला जाऊन पाहणी करायची, पोती मोजायची, परखी खुपसून नमुना काढायचा.

एका वर्षी मार्चअखेर मावठा झाला. उभ्या गव्हावर पाऊस, काही कापून पडलेल्या पेंढ्यांवर. मे महिन्यात एका पार्टीच्या गोदामात सहाशे पोत्यांची थप्पी लागली. मी पुढच्या रांगेत चार-पाच ठिकाणी परखी घातली. दाणा जरा मलूल, पण ठीक. तिथल्या एका म्हाताऱ्या पल्लेदाराने मागच्या बाजूच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मला म्हणाला, "साहब, बोरी गरम है." मी म्हटलं, मे महिना आहे, सगळंच गरम आहे. तो काही बोलला नाही. मी अहवालात लिहिलं, 'मालाची स्थिती समाधानकारक.'

धान्य जिवंत असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओला दाणा श्वास घेतो, तापतो, त्या उबेत बुरशी वाढते, बुरशी आणखी उष्णता आणि आणखी ओल निर्माण करते. शंभरात चौदाच्या वर ओल गेली की हे चक्र सुरू होतं. सरकारी खरेदीचा नियम त्यातूनच आला आहे. बारा टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारा ते चौदा कपात, चौदाच्या वर माल परत. आजीचा 'कट्' आवाज म्हणजे हेच मोजमाप, फक्त यंत्राशिवाय.

ऑगस्टमध्ये थप्पी उघडली तेव्हा आतल्या पोत्यांमध्ये गव्हाचे ढेकूळ झाले होते, हिरवे-करडे. वास असा की रुमाल नाकाला लावावा लागला. चौकशी झाली, मला ताकीद मिळाली, माझी वेतनवाढ एक वर्ष लांबली. ते सोसलं. पण खरी बोच वेगळी आहे. तो माल पडेल भावाने विकून कर्ज वसूल केलं गेलं. घेणाऱ्याने तो कुठे नेला, चाळून चांगल्या गव्हात मिसळला की काय केलं, हे मी विचारलं नाही. वसुली झाली, फाईल बंद झाली.

पुढे 1987 मध्ये काश्मीर खोऱ्यात काय घडलं ते माझ्या वाचनात आलं. पावसात भिजलेल्या, बुरशी लागलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी खाऊन लोकांच्या पोटात कळा, घशाशी आग, जुलाब. तपासलेल्या 224 जणांपैकी 97 जणांना त्रास झालेला. ते वाचलं आणि मला माझी सहाशे पोती आठवली. त्या रात्री झोप लागली नाही.

मधल्या काळात एका रोलर फ्लोअर मिलच्या कर्जाचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. यंत्रांची यादी पाहून मी म्हटलं, दळायची यंत्रं थोडी आणि साफ करायचीच एवढी कशाला? इथे खर्च कमी करा. ते गृहस्थ जुन्या पिढीतले गिरणीवाले. मला हाताला धरून एका चालू गिरणीत घेऊन गेले. म्हणाले, "साहेब, अर्धी गिरणी दळायच्या आधीच असते."

आणि खरंच होतं. आधी लोहचुंबक, खिळे-तारा ओढायला. मग चाळण्या आणि हवेचा झोत, म्हणजे आजीचं सूपच. मग खडे वेगळे करणारं यंत्र. मग दाण्याला घासणारं यंत्र, ते साल खरवडून धूळ आणि दाण्याच्या टोकावरची लव काढतं, म्हणजे आजीचे तळवे. जुन्या गिरण्यांत पुढे गहू धुवायचं यंत्र आणि पाणी झटकणारं यंत्र असायचं. ते हळूहळू गेलं. पाणी फार लागायचं, सांडपाण्याचा प्रश्न, आणि धुतल्यावर दाणा ओला राहिला तर जंतू कमी व्हायच्या ऐवजी वाढायचे. म्हणून आता बहुतेक ठिकाणी कोरडंच घासतात. काही ठिकाणी तर सालीचा अगदी वरचा पापुद्रा आधीच काढून टाकतात. कारण दाण्यावरचा जंतूंचा बोजा असतो तो मुख्यतः बाहेरच. एका ग्रॅम गव्हावर हजारोंपासून लाखांपर्यंत जिवाणू निघू शकतात, पण दाण्याचा गाभा तसा स्वच्छ असतो.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. मैद्यात साल वेगळी होते, तिच्याबरोबर बरेचसे जंतूही जातात. आपल्या चक्कीच्या आट्यात साल आतच राहते. पौष्टिक तर खरंच, पण त्यामुळे दळायच्या आधीची सफाई आपल्याला जास्त लागते. आणि चक्कीतून पीठ गरम येतं म्हणून ते निर्जंतुक होतं, हा समज खोटा. उलट गरम पीठ डब्यात कोंबून झाकण लावलं की आत घाम सुटतो. आई दळण आलं की पीठ परातीत पसरून निवायची वाट पाहायची, मगच डबा भरायची. कोठीचाच नियम डब्याला.

मिलमध्ये दळायच्या आधी गव्हाला मोजून पाणी देतात, पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत ओल नेतात आणि बारा ते चोवीस तास मुरू देतात, म्हणजे साल चिवट होते आणि सहज सुटते. आपण रव्यासाठी गहू ओलवून ठेवतो तेच. पण हीच वेळ जंतूंनाही सोयीची. म्हणून काही देशांत त्या पाण्यात क्लोरीन घालतात. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात त्या पाण्यात लॅक्टिक आम्ल आणि मीठ घालून प्रयोग झाले आणि जंतू चांगलेच घटले. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातलं आंबट. आपल्या कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतो, त्याला आंबूस वास येतो तो बऱ्याच अंशी याच आम्लाचा. त्या आंबटपणात बरेच वाईट जंतू टिकत नाहीत. वर तो चीक आपण रटरटून शिजवतो आणि उन्हात खडखडीत वाळवतो. आंबट, आच आणि ऊन, तीन पहारेकरी. मिठाचंही तसंच. बाजरीतला अरगट, तो विषारी काळा दाणा, वीस टक्के मिठाच्या पाण्यात तरंगवून काढतात. आजीने घंगाळातलं तरंगणारं काढून टाकणं हे त्याच जातीचं काम.

जुनं सगळंच चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे काही घरांत गव्हात पाऱ्याच्या टिकड्या ठेवायचे. पारा हे विष आहे, ते धान्याजवळ नकोच. आणि घरात सेल्फॉसच्या गोळ्या ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत.

आता दुसरा धडा.

निवृत्तीनंतर मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो. सहाव्या मजल्यावर. सूनबाई पिठाची पिशवी आणायची. मला ते रुचेना. मी धरून बसलो की गहू आणू, धुऊ, चक्कीवर दळू, आपल्या घराण्याची रीत आहे. सूनबाई नोकरी करणारी, तरी म्हणाली, "बाबा, तुमची इच्छा असेल तर करू." दहा किलो गहू आला. महिना जुलै.

मी स्वतः धुतला, दोन पाण्यांनी. मोठ्या अभिमानाने. ऊन नव्हतंच. हॉलमध्ये चादरीवर पसरला आणि पंखा लावला. दोन दिवस. दाताखाली धरला तर दबत होता. मी म्हटलं, चालेल. चक्कीवाला म्हणाला, "काका, गेहूँ गीला है, पत्थर पकड़ रहा है." मी म्हटलं, दळ तू. आजीचं धुणं मला आठवलं, तिच्या रोहिण्या आठवल्या नाहीत. रीतीचा अर्धा भाग मी उचलला होता, सोपा तेवढा.

नात तेव्हा चार वर्षांची. कणीक मळली की तिला गोळा लागायचा. आपल्या प्रत्येक घरात मुलांना कणकेची चिमणी करून देतात, मलाही आजीने दिली आहे. ती चिमणी करायची आणि हळूच चोच खाऊन टाकायची. आम्ही कौतुकाने हसायचो. चौथ्या दिवशी तिला ताप, उलट्या, जुलाब. दोन रात्री दवाखान्यात सलाईन. त्या छोट्या हाताला बांधलेली पट्टी मला अजून दिसते.

डॉक्टरांनी विचारलं, कच्चं काय खाल्लं? सूनबाईने कणकेचं सांगितलं. ते म्हणाले, पावसाळा आहे, कशामुळे झालं हे खात्रीने सांगता येणार नाही, पण कच्ची कणीक बंद करा आणि ते पीठ टाकून द्या. मी गप्प उभा होतो. घरी आल्यावर सूनबाईने एक शब्दही न बोलता डबा रिकामा केला, गरम पाण्याने धुतला, उन्हाची तिरीप येते तिथे पालथा घातला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

नंतर मी वाचलं. 2016 मध्ये अमेरिकेत पिठातल्या जिवाणूंमुळे चोवीस राज्यांत 63 लोक आजारी पडले होते. त्यांतल्या काही मुलांना हॉटेलात खेळायला कच्च्या कणकेचा गोळा दिला होता. म्हणजे तिकडेही चिमणीच. पीठ कोरडं दिसतं म्हणून आपल्याला ते निर्धोक वाटतं. पण कोरड्या पिठात जंतू महिनोन्महिने निजून राहू शकतात, पाणी लागलं की जागे होतात. पीठ ही कच्ची वस्तू आहे, एवढंच लक्षात ठेवायचं.

आज सहा वर्षं झाली. माझ्या गव्हामुळेच झालं का, हे कुणी सांगू शकत नाही. पण त्या दोन रात्री मी मनात स्वतःला शंभरदा सांगितलं की माझ्यामुळे झालं, आणि तोंडाने एकदाही सांगितलं नाही. सूनबाई या समूहात आहे, ही पोस्ट ती वाचेल. सूनबाई, गहू ओला होता. मला ठाऊक होतं.

या वर्षी अक्षय्य तृतीया झाल्यावर तीच म्हणाली, "बाबा, सोसायटीची गच्ची रिकामी आहे. धुऊ या का गहू?" आम्ही पन्नास किलो धुतला. सकाळी आठला सुरुवात, नवाच्या आत पसरून. वर पातळ कापड, कबुतरांसाठी. नात आता दहा वर्षांची आहे, तिने पायाने सरी ओढल्या आणि पाय भाजले म्हणून ओरडली. संध्याकाळी मी तिच्या हातावर एक दाणा ठेवला. तिने चावला. म्हणाली, "आबा, कट् झालं." तरी सूनबाईने आणखी एक ऊन दिलं. मला ते फार आवडलं.

कणकेची चिमणी आमच्याकडे अजून होते. पण ती आधी तव्यावर भाजली जाते, मग खाल्ली जाते.

तुमच्या घरी गहू कसा धुवायचे? ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावकडे रोहिण्यांचा नियम होता का, की दुसरा काही होता? वाळल्याची परीक्षा दाताने करायचे की आणखी कशाने? ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची मंडळी आहेत, त्यांना विचारून जरूर लिहा. आणि विचारताना नुसतं काय करायचे ते विचारू नका, काय करायचे नाहीत तेही विचारा. मी तेच विचारायचं विसरलो होतो.